अकरा कोऱ्या ओळी

॥ श्री महावीराय नमः ॥
नारायणगाव, शनिवार, ६ जुलै २००२

चि. पुष्पा हिस,
हर्षाकाकूचे आशीर्वाद.

तुझ्या साप्ताहिक अहवालांच्या कार्बन प्रती जीपवाल्या गेणभाऊनं काल दुकानात आणून दिल्या. सामायिकाच्या ध्यानातून नुकती उठले होते, तरी वाचून संताप आला. तीन आठवड्यांचे तीन अहवाल, आणि तिन्हीत 'विद्यार्थ्यांचा सहभाग' यापुढे एकच शब्द, समाधानकारक. घरात तेल किती उरलं असं सासूबाईंनी विचारावं आणि मी समाधानकारक म्हणावं, तर त्या मला डबा घेऊन समोर उभी करतील. मग केंद्रप्रमुख कुंडलिकराव 'अहवालात दम नाही' म्हणाले तर तू रडतेस कशाला? दम नाहीच आहे.

माझ्या मागच्या खोलीत राहून बारावी केलीस. दोन वर्षं माझी हिशेबाची वही बघितलीस. त्यातून एवढंच घेतलंस?

खडकमाळाच्या वस्तीशाळेत तू वर्षभर आहेस. एकोणीस मुलं, त्यातली अकरा मेंढपाळांची, दसरा झाला की कळपामागं निघून जाणारी. म्हणजे हाताशी चारच महिने. तेवढ्यात कोण शिकतंय, कोण नुसतं बसून आहे, हे तुला रोज कळायला नको?

खाली तक्ता आखून दिलाय. ओळीत मुलाचं नाव, पुढे सहा वार. मूल आपणहून बोललं तर बरोबरची खूण, विचारल्यावर बोललं तर टिंब, गप्प राहिलं तर कोरं. शनिवारी नजर टाकलीस की सगळं समोर. कागद दोन्ही बाजूंनी वापर.

आणि पुस्तकातली आगगाडीच्या डब्यांची गणितं त्या पोरांना घालू नकोस. त्यांनी कधी आगगाडी पाहिली? मेंढ्यांची गणितं घाल. तुझ्या घरी किती मेंढ्या, त्यात कोकरं किती, विकली तर उरतील किती. घरचं विचारलं की मुकं पोरसुद्धा बोलतं.

तुझी,
हर्षाकाकू


खडकमाळ, शनिवार, २० जुलै २००२

आदरणीय हर्षाकाकूंना,
पुष्पाचा नमस्कार.

तुमचा तक्ता साहेबांना फार आवडला. इतका, की त्यांनी त्याच्या प्रती काढून मासिक सभेत चौदाही शाळांना वाटल्या. खाली 'संकल्पना' म्हणून स्वतःचं नाव घातलंय. मी मान खाली घालून बसले. आता दर शनिवारी सगळ्यांनी हाच तक्ता भरायचा आहे.

मेंढ्यांची गणितं घातली. चिंचोके घेऊन बसवलं तर नवसूभाऊंची भागू सगळ्यांच्या आधी उत्तर देते. तिसरीतली पोर, सत्तेचाळीस आणि अडतीस मनातल्या मनात करते. पण मेंढ्यांचं विचारलं की खाली बघते. तीच नाही, अकराही मुलं. तक्त्यात याच गणिताच्या खुणा करते, तो सोबत आहे. घरी काही झालंय का म्हणाल, तर तसं काही नाही. मला घाबरतात का, तर तसंही काही नाही. बुजली असतील, दुसरं तसं काही नाही.

मेंढ्या सोडून दुसरी गणितं घालू का? चालेल ना?

आमच्या आजीनं, तानूबाईनं, तुमची चौकशी केली आहे.

तुमची,
पुष्पा


॥ श्री महावीराय नमः ॥
नारायणगाव, शनिवार, २७ जुलै २००२

चि. पुष्पा हिस आशीर्वाद.

नाही चालणार.

कुंडलिकरावांनी नाव घातलं तर घालू दे. माझं नाव छापून मला कुठं मिरवायचंय. मला राग आलाय तो तुझा. दोन आठवड्यांच्या तक्त्यात अकरा ओळी कोऱ्या. पांढऱ्या फटक. आणि तू विचारतेस दुसरं गणित घालू का. म्हणजे पोरांनी गप्प बसायचं आणि बाईंनी वाट बदलायची.

तू मुळात मऊ. माझ्याकडे असतानाही भाजीवालीनं दोन वेळा भाव सांगितला की तू पिशवी पुढं करायचीस.

रोज विचार. एकेकाला उभं कर. तोंड उघडल्याशिवाय खाली बसू देऊ नकोस. एक बोललं की बाकीची बोलतील. सुरुवात भागूपासून कर, ती हुशार आहे ना?

पुढच्या शनिवारी मला ओळी भरलेल्या दिसल्या पाहिजेत.

हर्षाकाकू


खडकमाळ, शनिवार, १० ऑगस्ट २००२

हर्षाकाकूंना नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. दहा दिवस रोज उभं केलं. मुलं उभी राहिली. बोलली नाहीत.

बुधवारी साहेब आले. हातात तक्त्यांची चवड. वर्गात आल्या आल्या भागूला उठवलं. "सांग बाळ, तुझ्या बापाच्या मेंढ्या किती?" ती गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, आवाज चढवून. ती म्हणाली, "बा जाणं." मग साहेब बाकीच्या मुलांकडे वळून म्हणाले, बघा, हिला घरातली जनावरं मोजता येत नाहीत आणि सरकार हिच्यावर खर्च करतंय. गावातली आठ मुलं हसली. मधल्या सुट्टीपर्यंत तिला तशीच उभी ठेवली. मी खुर्चीशेजारी उभी होते, काकू. काही बोलले नाही.

शेरा असा आहे: 'अकरा विद्यार्थ्यांचा सहभाग शून्य. मेंढपाळ मुले शिकण्यास उत्सुक नाहीत. सोमवार, सोळा सप्टेंबर रोजी पट तपासून पंधरापेक्षा कमी आढळल्यास वस्तीशाळा बंद करून मुले बोरीला पाठवावीत.' बोरी तीन किलोमीटर आणि मध्ये ओढा. पावसाळ्यात त्या ओढ्याला मोठी माणसं बिचकतात. बोरीला एकही मूल जाणार नाही हे साहेबांनाही ठाऊक आहे.

गुरुवारी नवसूभाऊ दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, "उद्यापास्नं न्हाई यायची भागू." एवढंच बोलून गेले.

लिहू नये, पण लिहिते. तक्ता तुमचा होता. उभं करायलाही तुम्हीच सांगितलंत. त्यांचं नाव फक्त खाली आहे.

भागूच्या ओळीत बुधवारची एक खूण आहे. ती कशी आली ते पुढे कधीतरी सांगेन.

पुष्पा


॥ श्री महावीराय नमः ॥
नारायणगाव, बुधवार, १४ ऑगस्ट २००२

चि. पुष्पा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. कुंडलिकरावांचं नाव घेतलं तरी डोकं तापतंय. नऊ वर्षांच्या पोरीला उभी करून तिच्यावर वर्ग हसवायचा, ही यांची तपासणी. तक्ता मी आखला तो पोरं बोलती व्हावीत म्हणून. त्यांच्या नावापुढं शून्य टाकायला नाही. नवसूभाऊंचाही राग आलाय. अपमान साहेबांनी केला आणि शाळा पोरीची सोडवली. हा कुठला न्याय?

आणि तू. माझ्याकडे बोट दाखवलंस, बरं केलंस. दाखवायलाच हवं होतं. पण त्याच पत्रात लपवालपवीही करतेस.

खोलीतली काचेची बरणी फुटली तेव्हा तू मला म्हणालीस, तसं काही नाही. बारावीत गणितात नापास होता होता वाचलीस तेव्हाही, तसं काही नाही. वीस जुलैच्या पत्रात तू तीन वेळा लिहिलंयस, तसं काही नाही. मी रेघ मारून ठेवली आहे.

चिंचोके मोजणारी पोर मेंढ्या मोजत नाही याला कारण आहे आणि ते तुला माहीत आहे. बुधवारच्या खुणेचंही काय ते लिही. आता पोटात काही ठेवलंस तर मागची खोली तुला बंद, कायमची.

हर्षाकाकू


खडकमाळ, गुरुवार, २२ ऑगस्ट २००२

हर्षाकाकूंना नमस्कार.

सांगते.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. म्हणजे आकडा तोंडानं बोलत नाहीत. बोलला की कळप तुटतो असं मानतात. संध्याकाळी वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं घेताना आजी दाराशी उभी राहायची आणि तोंडं बघायची. शेवटी म्हणायची, "कानी न्हाई आली. बुटकीचं कोकरू मागं ऱ्हायलं." कधी चुकली नाही. किती आली हे तिनं आयुष्यात कुणाला सांगितलं नाही, आजोबांनाही नाही.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी विचारलं. साहेबांना सांगितलं असतं तर ते सभेत हसले असते, बघा, बाईच अडाणी. आणि तुम्हाला सांगायची त्याहून लाज वाटली. तुम्ही काड्यापेटीतल्या काड्यासुद्धा मोजता. तुम्ही म्हणाला असता, हे काय खुळ. मी लहान असतानाच आमच्या घरानं मेंढरं विकून शेती धरली. मला वाटायचं मी आता त्यांच्यातली नाही.

आता ती खूण. त्या बुधवारी साहेब गेल्यावर भागू माझ्याजवळ आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तिच्यामुळं शाळा बंद होणार. तिनं माझा पदर ओढला, मला वाकवलं आणि कानात आकडा सांगितला. म्हणाली, "लिवा बाई आता." आणि काकू, मला आनंद झाला. मी पेन काढलं आणि तिच्यासमोर खूण केली.

रविवारी बिबट्यानं नवसूभाऊंच्या वाघरातून दोन कोकरं नेली. बिबट्या काय, इकडं रोज कुणाचं तरी नेतो. पण भागूनं बापाला रडत सगळं सांगितलं. तेव्हापासून ती जेवते थोडं, बोलत नाही. वाघराजवळ जात नाही. मी भेटायला गेले तर नवसूभाऊ ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "बाई, तुमी आमच्यातल्याच न्हवं?"

मी चपला घालून निघाले.

त्यानंतर बाकीची दहाही मुलं बंद झाली. वर्गात आठ आहेत. सोळा तारखेला शाळा जाणार. जाऊ दे, मला शिकवायचा अधिकार नाही.

पुष्पा


॥ श्री महावीराय नमः ॥
नारायणगाव, शुक्रवार, ३० ऑगस्ट २००२

चि. पुष्पा हिस आशीर्वाद.

आठ दिवस लिहिता आलं नाही. पहिले दोन दिवस तुझ्यावर जळफळत होते. एवढं एक वाक्य तू पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर पोरीवर हे आलं नसतं. आणि खरंच म्हणाले असते मी, हे काय खुळ. ते तू बरोबर ओळखलंस, म्हणून आणखी राग.

सोमवारी मामंजींनी घरच्या बाजरीची पोती मोजायला काढली. आमच्याकडे काटा आहे, पण घरचं धान्य ते अजून पायलीनंच मोजतात. मी ताट घेऊन उभी होते. पहिलं माप ओतलं आणि म्हणाले, "लाभ." मग दोन, तीन, चार.

बावीस वर्षं ऐकतेय. एक कधीच म्हणत नाहीत. बाजारातला कुठलाही मापाडी म्हणत नाही. मी स्वतः तांदूळ मोजताना म्हणत नाही. मामंजींना विचारलं, एक का नाही म्हणायचं. ते म्हणाले, "एक म्हटलं तर तिथंच थांबेल की बाई." आणि पुढचं माप ओतलं.

ताट खाली ठेवलं आणि आत जाऊन बसले. मामंजींनी, म्हणजे खेमचंद शेटजींनी, एक म्हटलं नाही तर ती रीत. नवसूभाऊंच्या पोरीनं आकडा सांगितला नाही तर सहभाग शून्य. आणि हा तक्ता ज्या बाईनं आखला ती एकाला लाभ म्हणत म्हातारी होत चाललीय.

कुंडलिकरावांना चार पानी पत्र पाठवलं. लिहिलं की तक्ता माझा आहे, त्यात कोरी जागा म्हणजे मूल मठ्ठ असा अर्थ कुठंच लिहिलेला नाही. प्रश्न चुकीचा असला तरी जागा कोरीच राहते. बाजारात मापाडी लाभ म्हणतो तेव्हा तुम्ही त्याला उभं करता का, असंही विचारलं. उत्तर आलं, दोन ओळींचं. 'आपल्या पत्राची नोंद घेतली. सदर तक्ता आता केंद्राचा आहे.' त्यांच्यावरचा राग मी आवरणार नाही.

तुला शिकवायचा अधिकार आहे की नाही ते तू ठरवू नकोस. सोळा तारखेला वर्गात उभी राहा. आठ असोत की एक.

बुधवारपासून पर्युषण आहे. आठ दिवस मी कुणाला काही लिहिणार नाही. त्यानंतर एक पत्र येईल. ते तुला नाही.

हर्षाकाकू


नारायणगाव, गुरुवार, १२ सप्टेंबर २००२

चि. भागू,

मी पुष्पाबाईंची काकू, हर्षा. तू मला पाहिलेलं नाहीस. तुला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

आमच्या घरी वर्षातून एक दिवस असतो. त्या दिवशी ज्याला ज्याला आपण दुखवलं त्याची माफी मागायची. तो मोठा असो की लहान. दर वर्षी मी छापलेली कार्डं पाठवते. यंदा एकही पाठवलं नाही. हे एकच पत्र हातानं लिहिलं, तुला.

मेंढ्यांचा आकडा विचारा असं तुझ्या बाईंना मी सांगितलं होतं. तुला उभं करा असंही मीच सांगितलं होतं. मला तुमची रीत माहीत नव्हती आणि मी विचारलीही नाही.

आकडा तू सांगितलास, पण विचारला मी. म्हणून जे झालं ते माझ्याकडे आलं. माझी एक वही आहे. तिच्यात मी चुकत नाही. तिच्यात मी माझ्या नावावर लिहून ठेवलंय, 'दोन कोकरं'. तुझ्या नावावर काही नाही. तू वाघराजवळ जा.

तुझ्या बाबांना हे वाचून दाखव. त्यांचीही माफी मागते.

मिच्छामि दुक्कडम्. म्हणजे माझं चुकलं, ते मिटून जावो.

हर्षाकाकू


खडकमाळ, सोमवार, १६ सप्टेंबर २००२

हर्षाकाकूंना नमस्कार.

तुमचं पत्र गेणभाऊंनी त्याच संध्याकाळी दिलं. मी उघडलं नाही, तसंच भागूला नेऊन दिलं. ती वाघराबाहेरच्या दगडावर बसली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली. नवसूभाऊ लोकर कातरत होते. कात्री थांबली. 'मिच्छामि' तिला वाचता येईना, तेवढं मी सांगितलं.

मग नवसूभाऊ म्हणाले, "एवढी मोठी बाई, पोरीची माफी मागती." थोड्या वेळानं, "आन तू वाचती की गं. म्या ऐकलंच नव्हतं कवा." भागू उठली आणि जाळी उचलून आत गेली. कोकरं तिच्या अंगावर आली.

निघताना मी नवसूभाऊंना म्हणाले, "तुमी इचारलं व्हतं. व्हय, तुमच्यातलीच हाय." ते म्हणाले, "ठाव हाय."

शनिवारी भागू आली, बरोबर आणखी तिघं. आज सकाळी अकराही होती. साहेबांनी पट मोजला, एकोणीस. तोंड वाकडं झालं. मग खिशातून तक्ता काढून पुन्हा भागूला उठवलं. आता तरी सांगशील का, मेंढ्या किती?

मी मध्ये गेले. म्हणाले, "साहेब, हा प्रश्न या शाळेत विचारत नाहीत."

ते म्हणाले, कुणी ठरवलं? मी म्हणाले, मी. लिहून घ्यायचं असेल तर माझ्या नावासकट लिहा.

तेवढ्यात भागूनं माझ्या टेबलावरून कागद ओढला आणि खाली बसून लिहायला लागली. साहेब घड्याळ बघत राहिले. एक बाजू भरली, तिनं कागद उलटा केला. लिहून झाल्यावर त्यांच्या हातात दिला. सगळ्या मेंढरांची नावं. साहेबांनी वर खाली पाहिलं, विचारलं, किती झाली ही? सगळा वर्ग खाली बघत होता, आणि या वेळी गावातली आठही. साहेबांनी पटावर एकोणीस लिहून सही केली आणि गेले. शाळा पुढल्या तपासणीपर्यंत आहे. तक्त्यातला शून्याचा शेरा त्यांनी खोडला नाही, पण आजच्या वारी मी अकरा ओळींत अकरा खुणा केल्या आहेत.

तो कागद भागूनं तुमच्यासाठी दिलाय. सोबत आहे. शेवटी तिनं तुम्हाला काही लिहिलंय.

तुमची,
पुष्पा

(सोबतचा कागद)

कानी. भुरी. बुटकी. लंगडी. काळतोंडी. चांदी. चांदीची पोरगी. लवंगी. वाकड्या शिंगाची. रडकी. आजीची लाडकी...

(दोन्ही बाजू भरून, आणि तळाला)

काकू हे तुमाला. बिबट्यानं नेलेली बी लिवली हायत. कुटं ते सांगत न्हाई. मोजू नका.
भागू


॥ श्री महावीराय नमः ॥
नारायणगाव, शुक्रवार, २० सप्टेंबर २००२

चि. पुष्पा हिस अनेक आशीर्वाद.

मागची खोली उघडी आहे. दिवाळीत ये.

कुंडलिकरावांना यंदा क्षमापनेचं कार्ड गेलं नाही. आमच्या जैन स्थानकातल्या साध्वींना, महासतीजींना, सांगितलं की एका माणसावरचा राग जात नाही. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघा. बघेन. पोरीला त्यांनी परत एकदा उभी केलीच ना. शून्य खोडेपर्यंत तू दर शनिवारी त्यांना लिहीत राहा. कागद मी पुरवते.

दसरा जवळ आला. नवसूभाऊ कळप घेऊन निघतील तेव्हा भागूबरोबर पाटी आणि दोन पुस्तकं जातील असं बघ. जिथं मुक्काम पडेल तिथून तिनं मला पत्र टाकावं म्हणून पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं गेणभाऊकडे दिली आहेत.

तिचा कागद काल दुपारी वाचला. पाच-सहा नावं झाली असतील, तर उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर चालायला लागला होता. जन्माची सवय. मी मूठ मिटली आणि उरलेली नावं तशीच वाचली.

हर्षाकाकू